डिकीत उसवलेलं चिलखत

चार महिने खपून मी अल्फॉन्स एलरिकचं (‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या जपानी ॲनिमेतलं पात्र, त्याचं अख्खं अंगच चिलखताचं) चिलखत फोमचं केलं, मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून जायच्या मेळ्यासाठी. ते अमळनेर ते जळगाव एवढ्याच वाटेत उसवलं. एप्रिलची दुपार, मैत्रिणीच्या भावाची गाडी, डिकीत सामान. रात्रीच्या गाडीला अवकाश होता म्हणून स्टेशनजवळ उन्हात कार लावून आम्ही रसवंतीवर बसलो. दोन तासांनी डिकी उघडली तर डावा खांदा कापसाचं बोंड फुटावं तसा चार पाकळ्यांत उघडलेला. छातीचा मधला सांधाही सुटलेला. मी तिथेच रडले, हे लपवत नाही.

फोम कुठला घ्यायचा, कटरचं पातं कितीदा बदलायचं (तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट वेळा), कागदावर बेतून मग फोमवर कसं उतरवायचं, हे असलं चिलखत करणारे तुम्ही व्हिडिओंत पाहून आलेले असणारच. मी सांगणार आहे ते चिकटवण्याबद्दल. तिथेच मी मेले.

मी सगळे सांधे ग्लू गनने जोडले होते. व्हिडिओतला माणूस तेच करत होता, पण तो स्वेटर घालून बसला होता, हे मला फार उशिरा दिसलं. ग्लू गनची कांडी तापवली की वितळते म्हणून तर तिचा उपयोग. गार झाली की घट्ट होते आणि पुन्हा तापली की पुन्हा नरम पडते, यात तिची काही चूक नाही. उन्हात बंद उभी असलेली कार आतून ६० अंशांच्या पुढे जाऊ शकते. तेवढ्याने कांडी पातळ होऊन वाहत नाही, पण ताण असेल तिथून हळूहळू सरकायला लागते.

आणि ताण होताच, कारण दुसरी चूक त्याच्याआधीची होती. फोमला आकार न देता मी तो सरळ वाकवून चिकटवला होता. १० मिलिमीटरचा फोम वाकवला की तो सतत सरळ व्हायला बघतो. म्हणजे माझा प्रत्येक सांधा जोडल्यापासून दोन्हीकडून ओढला जात होता आणि नुसता थंडीच्या भरवशावर टिकून होता. जानेवारीत केलेलं जानेवारीत उत्तम दिसतं. खानदेशात खरी परीक्षा एप्रिल-मे घेतात.

म्हणून आधी आकार, मग डिंक. हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) फिरवत राहायची, एका जागी थांबवायची नाही. फोमचा वरचा भाग किंचित चकाकला की तो लगेच कशावर तरी दाबून धरायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत सोडायचा नाही. खांद्याला मी उपडं घमेलं वापरलं, गुडघ्याच्या वाटीला तांब्या. हात काढल्यावर तुकडा आपणहून वळलेला राहिला पाहिजे. राहत नसेल तर पुन्हा तापवा. तो ‘जवळजवळ वळलाय’ म्हणून चिकटवायला घेऊ नका. मी नेमकं तेच केलं होतं.

चिकटवायला कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह, म्हणजे चपलांच्या सामानाच्या दुकानात मिळतं ते सोल्यूशन. उष्णतेने तेही नरम पडतं, पण इतक्या सहज नाही, आणि आधी आकार दिलेला असेल तर त्याच्यावर ओढही नसते. दोन्ही कडांना पातळ थर लावायचा आणि थांबायचं. बोट लावलं तर ओढ जाणवावी, पण बोटाला काही लागू नये, मगच जोडायचं. डब्यावर दहा-पंधरा मिनिटं लिहिलेली असतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ते पाच मिनिटांतही होतं, म्हणून घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवा. फार वाळलं तर नवा पातळ थर द्या. कुलरच्या तोंडाशी बसून हे काम करू नका, ओल्या हवेत थर पांढुरका पडतो आणि धरत नाही. एकदा टेकलं की हलवता येत नाही, म्हणून एका टोकापासून बोटा-बोटाने बसवत जा.

आणि हे दटावून सांगते: दारं-खिडक्या उघड्या ठेवा, रुमाल बांधून वास अडत नाही, त्याला रसायनाच्या वाफेचा फिल्टर असलेला मास्कच लागतो. सोल्यूशन ओलं असताना हीट गन जवळ आणू नका. ती वाफ पेट घेते.

हे सगळं मला कुणी शिकवलं? बसस्टँडजवळ चपला शिवणाऱ्या मामांनी. उसवलेला खांदा बघून ते एवढंच म्हणाले, “वाळू दिलं नव्हतं, माय.” मी म्हटलं, मामा, ते सोल्यूशन नव्हतंच. त्यावर ते हसले ते हसलेच. ऑनलाइन ‘मार्गदर्शक’ शोधण्यात मी दोन महिने घालवले होते. माझं स्पष्ट मत आहे, गावातला एक चांभारकामाचा जाणता आणि एक शिंपी मिळाला तर बाकी कुणाची गरज नाही.

‘थ्रीडी प्रिंट करून घे’ म्हणणारेही भेटतील. घ्या, मला त्याचा राग नाही. (आहे थोडा.) पण त्यात वापरतात ते नेहमीचं पीएलए प्लास्टिकसुद्धा ६० अंशांच्या आसपास मऊ होतं. त्याच डिकीत तो खांदा फुटण्याऐवजी वाकडा झाला असता, आणि फोम पुन्हा चिकटतो तसा तो सरळ होत नाही.

आईने आतलं जाकीट शिवलं. तिने सवयीने फोमच्या कागदालाही माया सोडली होती. फोमला माया लागत नाही, कडेला कड भिडते. मात्र जाडी धरावी लागते. अंगाभोवती १० मिलिमीटरचं पूर्ण कडं बसवायचं तर कागद अंगाच्या मापापेक्षा साधारण तीन सेंटिमीटर जास्त हवा. त्यावर नक्षीचा दुसरा थर येणार असेल तर त्याचं माप पहिला थर वळवल्यानंतर घ्या.

खालच्या घेराला ताठपणा यावा म्हणून मी ठिबकची १६ मिलिमीटरची नळी घातली. शेतात पडलेली होती, फुकट. पण ती पॉलिथिनची असते, तिला सोल्यूशन धरत नाही. भोकं पाडून दोऱ्याने शिवा.

रंगाचं थोडक्यात. फोम सगळीकडून तापवून त्याची छिद्रं बंद करा, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे चार-पाच पातळ थर द्या, मग काळा रंग, आणि त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी. अल्फॉन्स नवीन स्टीलच्या डब्यासारखा चमकत नाही.

वजन खांद्यावर टाकू नका. मूळ पात्र सात फुटांच्या वर, मी पाच फूट दोन इंच, म्हणून खांदे रुंद केले आणि तासाभरात मान आखडली. नंदुरबार जिल्ह्यात काठी गावची आदिवासी होळी बघायला गेले तेव्हा डोक्यावर उंच टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरं बांधून रात्रभर नाचणारी माणसं पाहिली, आणि पट्टा कमरेला का असतो ते कळलं. आता माझ्या छातीचा भार दोन नाड्यांनी कमरेच्या रुंद पट्ट्यावर उतरतो.

आजी म्हणाली होती, “येन्हामा तू शिजी जाशी.” खरंच शिजते. शिरस्त्राणात पॉवर बँकवर चालणारा छोटा पंखा बसवा, पाण्यासाठी नळी ठेवा आणि सोबत एक माणूस न्या, कारण चिलखतात बाथरूमला एकटीने जाता येत नाही.

त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. जळगावात दुकानं मिटायच्या आत सोल्यूशनचा डबा मिळाला. मुंबईला उतरल्यावर मैत्रिणीच्या मावशीच्या गच्चीवर जुना डिंक सोलून आम्ही खांदा पुन्हा जोडला. आकार तेव्हाही नव्हता, वेळच नव्हता. दिवसभर हात वर केला नाही आणि फोटोत कुणाला काही कळलं नाही. तुमचंही काहीतरी फुटेल आणि तेही निभावेल. सोल्यूशन, कात्री आणि काळा दोरा तेवढा पिशवीत ठेवा, फक्त डबा बंद आहे ना ते बघा.

चिलखत आता गोधडीत गुंडाळून सीटखाली जातं, आणि शिरस्त्राण मांडीवर. शेजारची बाई दर वेळी विचारतेच, “काय शे व माय हाई?” मी म्हणते, टोप. ती मान डोलावते आणि मला सरकून जागा करून देते.