लॅमिनर प्रवाहाचा दाब-उतार: एकके न बदलता

लॅमिनर म्हणजे थराथरांत शांतपणे वाहणारा प्रवाह. अशा प्रवाहात पाइपमधला दाब-उतार (दर मीटरला कमी होणारा दाब) काढताना सूत्रापेक्षा एककांतच जास्त गोंधळ होतो: स्निग्धता सेंटिपॉइजमध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये, उत्तर हवं पास्कलमध्ये. रूपांतर करूच नका. आकडे आहेत तसेच घाला:

१. आधी रेनॉल्ड्स अंक (प्रवाह लॅमिनर आहे की खळबळता, हे सांगणारा आकडा): घनता (किलो प्रति घनमीटर) × सरासरी वेग (मीटर प्रति सेकंद) × व्यास (मिमी) ÷ स्निग्धता (सेंटिपॉइज). हजाराचे गुणक आपोआप कटतात. उत्तर 2000 च्या आत असेल तरच पुढे जा.

२. दाब-उतार = 32 × स्निग्धता × वेग ÷ व्यासाचा वर्ग. उत्तर थेट किलोपास्कल प्रति मीटर.

समजा 100 सेंटिपॉइजचं तेल, घनता 900, वेग 0.5, व्यास 25. रेनॉल्ड्स अंक 112.5, म्हणजे निर्धास्त लॅमिनर. दाब-उतार 32 × 100 × 0.5 ÷ 625 = 2.56 किलोपास्कल प्रति मीटर. कागदाच्या कपट्यावर होतं!

व्यास मात्र आतलाच घ्या, पाइपवर छापलेला नाही. प्रवाहदर ठरलेला असेल तर दाब-उतार व्यासाच्या चौथ्या घातानं बदलतो. व्यास 10 टक्क्यांनी कमी निघाला तर दाब-उतार जवळपास दीडपट होतो. पाइप चढता असेल तर उंचीचा दाब वेगळा मिळवावा लागेल.