सिट्रोएन डीएसच्या सस्पेन्शनची गळती कशी शोधावी आणि कशी थांबवावी

रात्री उभी केलेली सिट्रोएन डीएस ही जुनी फ्रेंच गाडी सकाळी पोट टेकून बसलेली दिसली, की नवा मालक घाबरतो. घाबरू नका. १९५५ च्या पॅरिस मोटार शोमध्ये ही गाडी आली तेव्हापासून तिच्या चारही चाकांवर स्प्रिंग नाहीत. भार उचलतात तो द्रव आणि धातूच्या पोकळ गोळ्यांत कोंडलेला नायट्रोजन वायू. इंजिन बंद असलं, की दाब हळूहळू उतरतो आणि गाडी बसते. हा आजार नव्हे. आजार म्हणजे गॅरेजच्या फरशीवर रोज पडणारा हिरवा डाग. तो बहुतेक वेळा घरच्या घरी बरा करता येतो.

त्याकडे दुर्लक्ष मात्र करू नका. याच द्रवावर डीएसचे ब्रेकही चालतात. द्रवाची टाकी रिकामी झाली, तर नुसती बसायची ऐट जात नाही, गाडी थांबवायची ताकदही जाते. डॅशबोर्डवरचा दाबाचा लाल दिवा पेटला असेल, तर गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

आधी द्रवाचा रंग बघा

सप्टेंबर १९६६ पासून डीएसमध्ये एलएचएम नावाचं हिरवं खनिज तेल आलं. त्याआधीच्या गाड्यांत एलएचएस हा लाल द्रव असे. अमेरिकेत गेलेल्या गाड्यांत तो पुढेही काही काळ राहिला. दोन्हींची रबरी सील वेगळ्या जातीची असतात. हिरव्या गाडीत लाल द्रव किंवा साधं ब्रेक ऑइल घातलं, तर सील फुगून खराब होतात, आणि एका थेंबाची गळती सगळ्या गाडीभर पसरते. हिरव्या गाडीचे हायड्रॉलिक भाग हिरव्या रंगाने रंगवलेले असतात. पण जुन्या गाड्यांत मागच्या मालकांनी काय काय बदललं असेल ते सांगता येत नाही, म्हणून टाकीचं झाकण उघडून स्वतः खात्री करा. सीलही त्याच जातीची मागवा.

सुरक्षेचं आधी

पंप चालू असताना पाइपांमधला दाब साधारण १५० ते १७० बार असतो. गाडीच्या टायरमध्ये २ बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज करा. इतक्या दाबाने सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेली धार कातडीत शिरते. जखम किरकोळ दिसते, पण आत तेल पसरलेलं असतं, आणि अशा वेळी तासभरही न थांबता हॉस्पिटल गाठावं लागतं. म्हणून गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

दुसरं, गाडी वर उचललेली दिसते म्हणून तिच्याखाली कधीही जाऊ नका. एक नट सैल झाला, तरी ती क्षणात खाली येते. बॉडीच्या मजबूत जागेखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावा, मगच खाली सरका.

थेंबाचा माग काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. द्रव पाइपवरून, आडव्या पट्टीवरून वाहत जातो आणि गुरुत्वाकर्षणाला सोयीच्या जागी खाली पडतो. थेंबाखाली पाना घेऊन बसलात, तर चुकीचा नट उघडाल.

गाडीचा खालचा भाग आणि इंजिनची बाजू आधी स्वच्छ धुऊन कोरडी करा. वर्षानुवर्षांचा काळा चिकटा निघाल्याशिवाय काही कळत नाही. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरा, गाडीखाली मोठा पांढरा कागद पसरा आणि चाकांच्या जागा त्यावर पेन्सिलने आखून ठेवा. इंजिन चालू करून उंचीचा दांडा (गाडी वर-खाली करायचा आतला दांडा) सर्वांत वर न्या, पाच मिनिटांनी सर्वांत खाली, मग पुन्हा नेहमीच्या जागी. पावडरवर हिरवी रेघ उमटली, की तिचा माग वर वर घ्या. सर्वांत उंचावरची ओली जागा हीच गळतीची जागा.

पहिला संशय रबरी बुटांवर, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरच्या घडीदार रबरी आवरणांवर घ्यावा. सस्पेन्शनच्या प्रत्येक सिलिंडरमधून थोडा द्रव झिरपणं हे रचनेतच धरलेलं आहे. तो रबरी बुटात जमतो आणि बारीक नळीने टाकीत परत जातो. बूट फाटला किंवा त्याची क्लिप सैल झाली, की तोच द्रव जमिनीवर येतो. माझ्या १९७२ च्या डी सुपरच्या (हे डीएसचंच साधं मॉडेल) मागच्या डाव्या चाकाजवळ असाच डाग पडत असे. सिलिंडर गेला असं वाटत होतं. पण टॉर्च धरून बुटाची घडी दोन बोटांनी हळूच ताणली, तेव्हा आतल्या बाजूला नखाएवढी चीर उघडली आणि हिरव्या तेलाचा एक मणी तिथून लोंबायला लागला. बूट, क्लिप आणि परतीच्या नळीचा वीतभर तुकडा बदलला आणि काम झालं. सिलिंडर आजही तोच आहे.

बूट ठीक असतील, तर पंपाच्या दांड्याचं सील, पंपाचा दाब मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर, उंची ठरवणारे दोन करेक्टर आणि मागच्या बाजूचे गंजलेले लोखंडी पाइप बघा. पाइप जिथे क्लिपमध्ये धरलेला असतो, तिथे चिखल साचतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

जोड उघडणं आणि लावणं

आधी दाब सोडा. दांडा सर्वांत खाली न्या, इंजिन बंद करा, रेग्युलेटरवरचा दाब सोडायचा स्क्रू एक आटा सैल करा. फुस्स असा आवाज येईल. स्क्रू पूर्ण काढू नका, त्याच्यामागे छोटी गोळी असते. मग ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून त्याचा साठवलेला दाबही संपवा.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायची गोष्ट. जोड गळतोय म्हणून तो आवळू नका. या पाइपांचा जोड धातूवर धातू घट्ट बसून बंद होत नाही. पाइपच्या टोकावर छोटी रबरी नळी असते आणि द्रवाचा दाबच तिला फुगवून फट बंद करतो. नट फक्त तिला जागेवर धरतो. जोर लावून आवळल्याने रबर चिरडतं आणि पाइपचं टोक पिचतं. मी पाहिलेल्या बिघडलेल्या जोडांपैकी निम्मे तरी असेच आवळून मारलेले होते.

नट काढून जुनी रबरी नळी फेकून द्या. पाइपचं टोक आणि भोक धागे न सोडणाऱ्या फडक्याने पुसा, नवं सील स्वच्छ एलएचएममध्ये बुडवून पाइपवर चढवा आणि पाइपचं टोक त्याच्या थोडं पुढे राहू द्या. मग पाइप भोकाच्या अगदी सरळ रेषेत धरून टोक तळाला टेकवा आणि नट हाताने फिरवा. तो हाताने फिरत नसेल, तर पाइप तिरका आहे. शेवटी पान्याने हलकेच, ४.५ मिलिमीटरच्या पाइपला ८ ते ९ न्यूटन-मीटर पुरतात.

गंजलेला पाइप सांधू नका. इथला टोकाचा आकार साध्या ब्रेक पाइपचा नसतो. तयार पाइप मागवा किंवा सिट्रोएनचं टोक काढणारं यंत्र असलेल्याकडून करून घ्या. गोळा बदलायचा असेल, तर पट्ट्याच्या पान्याने सोडवा, सील नवं घाला आणि नवा गोळा फक्त हाताने आवळा.

थेंब नाही, तरी गडबड?

गाडी कडक चालत असेल, तर गोळ्यातला नायट्रोजन उडाला असेल. त्याचा गळतीशी संबंध नाही. आणि इंजिन चालू असताना रेग्युलेटरचा टक् आवाज सेकंदा-सेकंदाला येत असेल, तर एकतर पंपाचा दाब साठवणारा मुख्य गोळा संपलाय किंवा द्रव आतल्या आत टाकीत परतत आहे. एकेक परतीची नळी टाकीवरून काढून बाटलीत सोडा. जिच्यातून धार लागेल तिच्या पलीकडचा भाग दोषी.

चालू करून बघणं

टाकीतली जाळी पेट्रोलमध्ये धुऊन, वाळवून परत बसवा. दाबाचा स्क्रू सैल ठेवून इंजिन सुरू करा, पंपाने द्रव धरला की स्क्रू बंद करा. गाडी चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा, हवा बहुतेक आपोआप टाकीत जाते. ब्रेकचा जोड उघडला असेल, तर ब्रेकमधली हवा वेगळी काढा. पातळी मात्र गाडी सर्वांत उंच असताना, इंजिन चालू ठेवूनच बघा. बसलेल्या गाडीत द्रव टाकीत परतलेला असतो आणि टाकी उगाच भरलेली दिसते.

मग गाडीखाली नवा पांढरा कागद पसरून ती रात्रभर तशीच उभी ठेवा.