चाऱ्याचे वाण निवडताना कापणीची वेळही ठरवा

पेरणीपूर्वी चारा कशासाठी हवा आहे, हे निश्चित करावे. सिन्नर किंवा येवल्यासारख्या कमी पावसाच्या भागात उन्हाळ्यासाठी मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा) भरून ठेवायचा असल्यास एकदाच कापायचा, उंच वाढणारा आफ्रिकन टॉल मका सोयीचा ठरतो. विहिरीला बारमाही पाणी असेल, तर लसूणघासाचे आरएल-८८ किंवा संकरित नेपियर गवताचे फुले जयवंत हे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे वाण लावून वारंवार कापण्या घेता येतात.

त्यानंतर पेरणीची तारीख नोंदवावी. पण केवळ दिवस मोजून विळा लावू नये. निफाडच्या थंडीत पिकाची वाढ लांबते, म्हणून पिकाची अवस्था पाहणेच खरे. फुलोऱ्यानंतर खोड कठीण होत जाते, पानांचे प्रमाण घटते आणि चाऱ्यातील प्रथिने व पचनीयता कमी होते. उलट फार लवकर कापल्यास हिरवे वजन भरपूर दिसते, परंतु त्यात पाणीच अधिक असते: २० टक्के शुष्क पदार्थाच्या (पाणी वगळून उरणाऱ्या भागाच्या) १०० किलो चाऱ्यातून २० किलो शुष्क पदार्थ मिळतो, तर ३० टक्क्यांच्या ८० किलोंतून २४ किलो.

मक्याचा हिरवा चारा ५० टक्के फुलोऱ्यापासून (निम्मी झाडे फुलोऱ्यात आल्यापासून) दाणा दुधाळ होईपर्यंत कापावा. मुरघासासाठी मात्र थोडे थांबावे. कणीस मधोमध मोडून पाहावे. दाण्याचा बाहेरचा अर्धा भाग घट्ट आणि आतला अर्धा चिकाने भरलेला दिसला, की कापणीची वेळ आली असे समजावे. त्या वेळी पिकात साधारण ३० ते ३५ टक्के शुष्क पदार्थ असतो. याहून ओले पीक भरल्यास रस वाहून जातो. फार वाळलेले पीक नीट दाबले जात नाही आणि आत राहिलेल्या हवेमुळे बुरशी येते.

लसूणघासाची पहिली कापणी ५५ ते ६० दिवसांनी आणि पुढच्या २५ ते ३० दिवसांच्या अंतराने, सुमारे १० टक्के फुले दिसताच कराव्यात. सतत कोवळे कापल्यास मुळांतील अन्नसाठा भरून निघत नाही आणि पीक विरळ होते.

ज्वारीच्या बाबतीत हयगय मुळीच नको. कोवळ्या, विशेषतः पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या ज्वारीत धुरीन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून जनावराच्या पोटात प्राणघातक हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. म्हणून ती ५० टक्के फुलोऱ्यावर कापावी, आणि खोडव्याचे (कापणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या पिकाचे) कोवळे फुटवेही जनावरांना चरू देऊ नयेत.

दोन वाणांची तुलना करायची असल्यास ती एकाच दिवशी न कापता एकाच अवस्थेत कापावीत. प्रत्येकाच्या १ चौरस मीटरमधील चारा तोलावा, त्यातील १ किलोची कुट्टी पातळ पसरून वजन स्थिर होईपर्यंत वाळवावी आणि पुन्हा तोलावी. हिरव्या वजनात पुढे असलेले वाण वाळल्यावर मागे पडलेले अनेकदा दिसते.