फोटोंना भरलेली माहिती सर्चमध्ये येत नाही? रिसोर्सस्पेसमध्ये असं करा

वाचनालयं, देवस्थानं, नाट्यसंस्था, छोटी मासिकं, सगळ्यांकडे आता जुने फोटो स्कॅन होऊन पडलेत, कोणीतरी हौसेने माहितीपण भरलेली असते, पण सर्चमध्ये नाव टाकलं की शून्य रिझल्ट, मग परत एकेक फोल्डर उघडून बघत बसायचं. माहिती भरली म्हणजे ती सर्चला कळली असं होत नाही. मी रिसोर्सस्पेस, म्हणजे फोटो आणि फाइली साठवून शोधायचं सॉफ्टवेअर, धरून सांगतेय कारण ते ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत, आणि २००६ मध्ये ऑक्सफॅम या संस्थेच्या कामासाठी बनलेलं असल्याने संस्थांच्या गरजा त्यात चांगल्या बसतात.

पहिलं काम कागदावर करा. लोक फोटो मागायला येतात तेव्हा काय विचारतात? ठिकाण, प्रसंग, माणसांची नावं, साल, फोटो कोणी काढला. तेवढीच फील्ड, म्हणजे माहितीचे रकाने, करा, पंचवीस फील्डचा फॉर्म कोणी भरत नाही.

मग ॲडमिन, सिस्टिम, मेटाडेटा फील्ड्स (मेटाडेटा म्हणजे फोटोबद्दलची माहिती) इथे जाऊन नवीन फील्ड बनवा. नाव मराठीत चालतं, शॉर्टनेम, म्हणजे त्या फील्डचं आतलं छोटं नाव, मात्र रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. प्रकार निवडताना घाई नको. ठिकाणासाठी साधा टेक्स्ट बॉक्स ठेवलात तर एक जण पंढरपूर लिहिणार, दुसरा पंढरपुर, तिसरा पंढरपुरातली वारी, आणि सर्चसाठी हे वेगवेगळे शब्द आहेत. शेवटी स्टार (*, म्हणजे पुढे काहीही चालेल) लावून शोधलं तरी पंढरपूर वरून पंढरपुरात सापडणार नाही कारण दीर्घ ऊकाराचा ऱ्हस्व झालाय. म्हणून ठिकाण आणि प्रसंगाला ड्रॉपडाउन किंवा डायनॅमिक कीवर्ड्स लिस्ट (टाइप करताना ठरलेल्या यादीतून शब्द निवडायचा प्रकार) द्या, शब्द मूळ रूपात ठेवा आणि यादीत नवीन शब्द घालायचा अधिकार एकदोघांकडेच असू द्या. याबाबतीत मी खरंच हट्टी आहे, कारण हजारो फोटोंचं शुद्धलेखन नंतर कोणीच सुधारत बसत नाही.

आता मुख्य गोष्ट, त्याच फील्डच्या सेटिंगमध्ये इंडेक्स करायची, म्हणजे त्यातले शब्द सर्चच्या यादीत घ्यायची, टिक असते, ती लावा. ती नसेल तर माहिती फोटोखाली व्यवस्थित दिसते पण सर्च तिच्याकडे बघतच नाही. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये दाखवायची टिक वेगळी, साध्या सर्चची वेगळी. आणि माहिती आधीच भरलेली असेल आणि टिक आता लावताय तर त्या फील्डचं रीइंडेक्स, म्हणजे ती यादी परत तयार करणं, करावंच लागतं, नाहीतर जुने फोटो येणार नाहीत.

फोटोच्या फाइलमध्येच माहिती असेल तर फील्डच्या सेटिंगमध्ये एक्झिफटूलच्या (फाइलमधली माहिती वाचणारं साधन) रकान्यात त्या टॅगचं, म्हणजे फाइलमधल्या त्या माहितीच्या खुणेचं, नाव द्या, म्हणजे अपलोड करताना ती आपोआप भरली जाते. इथे मराठीवाल्यांनी एक सांभाळा. फाइलमध्ये कीवर्ड दोन जागी राहतात, माहिती साठवायच्या जुन्या आयपीटीसी पद्धतीत आणि नव्या एक्सएमपी पद्धतीत. जुन्या पद्धतीत एका कीवर्डला ६४ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना मात्रा अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे, म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. ‘आळंदी ते पंढरपूर पालखी सोहळा’ एवढं त्यात मावत नाही, ‘सोहळा’ मध्येच तुटतो. त्यामुळे मराठी मजकूर एक्सएमपीत ठेवा. आणि श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, दिसायला ते मराठी असतं पण कॉम्प्युटरला ती भलतीच अक्षरं असतात.

शेवटी तपासणी. एका फोटोला माहिती भरा, मग ॲडमिनच्या नाही तर साध्या सभासदाच्या लॉगिनने शोधा, कारण त्या ग्रुपला ते फील्ड बघायची परवानगीच नसेल तर तुम्हाला सगळं छान दिसतं आणि बाकीच्यांना काहीच नाही, अशा वेळी युजर ग्रुपच्या परमिशनमध्ये जाऊन ते फील्ड खुलं करा. फक्त एकाच फील्डमध्ये शोधायचं असेल तर सर्चमध्ये शॉर्टनेम, त्याला चिकटून कोलन आणि मग शब्द असं टाकायचं, म्हणजे पंढरपूरला स्टार लावून शोधलं तरी आडनाव पंढरपूरकर असलेल्या माणसांचे फोटो ठिकाणाच्या शोधात मिसळत नाहीत.