भांडी घासायचा स्पंज दुसऱ्या कामाला लावताय? या चुका टाळा

दर पावसाळ्यात आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या गल्लीतून कोणी ना कोणी पिवळं पडलेलं झाड घेऊन माझ्याकडे येतं. पानांकडे बघायच्या आधी मी कुंडी आडवी करते आणि तळाच्या भोकात बोट घालते. बोटाला लिबलिबीत काही लागलं की पहिला प्रश्न, "खाली स्पंज घातलाय का?" बहुतेक वेळा उत्तर हो असतं. कुठल्या तरी व्हिडिओत सांगितलेलं असतं की तळाला जुना स्पंज घाला, माती वाहून जात नाही, ओल टिकते, चार दिवस गावाला गेलं तरी झाड सुकत नाही.

ओल टिकते हे खरं आहे, आणि झाड त्यानंच मरतं. कुंडीत सगळ्यात ओला भाग तळाचाच असतो. वरची माती वारा-उन्हानं वाळते, तळाशी हवा पोचत नाही. तिथं स्पंज ठेवला की तो भोक झाकून बसतो आणि पाणी धरून ठेवतो. हातानं पिळल्याशिवाय किंवा वाऱ्यावर टाकल्याशिवाय स्पंज वाळत नाही, आणि कुंडीच्या बुडाशी या दोन्हींपैकी काहीच होत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं काळी पडतात, सडतात.

शेजारच्या वहिनींचा सोनचाफा असाच गेला. त्यांच्या सासूबाईंनी लावलेला होता, दरवर्षी गौरीला त्याची फुलं असायची. मोठ्या कुंडीत बदलताना वहिनींनी तळाला चार स्पंज अंथरले. एप्रिल-मेमध्ये काही कळलं नाही. आमच्याकडे तेव्हा पारा चाळिशी गाठतो, कितीही पाणी घाला, उडून जातं. सांगलीचा पाऊस तसा बेताचाच, पण जुलैत आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही. पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा वहिनींना वाटलं पाणी कमी पडतंय. त्यांनी वरून रोज तांब्याभर पाणी घालायला सुरुवात केली. मला बोलावलं तोवर खोडाची साल बुडाशी सुटली होती. कुंडी उलटी केली तर गटारासारखा वास आला आणि स्पंजांच्या आत काळ्या मुळांचं जाळं घुसलेलं. काढताना सगळं तुटून हातात आलं. वहिनी पायरीवर बसून राहिल्या. मला आजही तो वास आठवतो.

भोकावर मी खापराचा तुकडा ठेवते, बाकदार बाजू वर करून. पाणी बाजूनं निघतं, माती अडते. खापर नसेल तर नारळाची शेंडी चालते. चार दिवस गावाला जायचं असेल तर मातीवर उसाचं पाचट पसरा. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही. ओल वरून झाकायची असते, खाली कोंडायची नसते. ज्यांना पंधरा दिवसांत बाग फुललेली हवी असते, त्यांनाच असल्या युक्त्या जास्त आवडतात, असं माझं वर्षानुवर्षांचं निरीक्षण आहे.

स्पंजावर बी उगवायचं असेल तर मात्र खुशाल उगवा, छान उगवतं. मुलांना दाखवायला अळीव सगळ्यात चांगले. भिजले की त्यांना बुळबुळीत आवरण सुटतं आणि ते स्पंजाला चिकटून बसतात, घरंगळत नाहीत. स्पंज कोरा घ्या. भांड्यांना वापरलेला कितीही धुतला तरी साबण आणि तेलाचा अंश राहतो. ताटलीत पाणी तुंबू देऊ नका, रोज पिळून पुन्हा शिंपडा. टोमॅटो-मिरचीचं रोप स्पंजातून उपटायला जाऊ नका, मुळं आत गुंतलेली असतात. दोन खरी पानं, म्हणजे बीतून निघालेल्या पहिल्या पानांनंतरची, आल्यावर त्याला मातीत घालायचं असेल तर पहिल्यापासून कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घ्या, स्पंजाच्या वाटेला जाऊच नका.

आता पांढरा स्पंज. दुकानात डाग पुसायचा जादूचा तुकडा म्हणून मिळतो तो. दिसतो लोण्यासारखा मऊ, म्हणून लोक त्याला कापूस समजतात. तो मेलामाइन नावाच्या कडक प्लॅस्टिकचा फोम असतो. त्याची बारीक जाळी अतिशय कडक असते आणि ती बारीक पॉलिशपेपरसारखी पृष्ठभाग घासून काढते. डाग निघतो, कारण डागाखालचा थरही थोडा निघतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा माझ्या एका मैत्रिणीनं तानपुरा आधीच माळ्यावर टाकला होता, म्हणून वाचला. पाणी ओसरल्यावर घर धुताना चिखलाचे शिंतोडे त्याच्या भोपळ्यावर उडाले. मदतीला आलेल्या भाचीनं पांढरा स्पंज भांड्यांच्या साबणात बुडवून मन लावून पुसलं. तिची भावना चांगलीच होती. पण तानपुऱ्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश असतं. ते पाण्यानं पांढुरकं पडतं, साबणाच्या क्षारानं मऊ पडतं, आणि वर ही घासणी. वाळल्यावर भोपळ्यावर हाताएवढे निस्तेज चट्टे उमटले, एका ठिकाणी तर कोरं भोपळ्याचं अंग दिसत होतं. वाद्य मिरजेला न्यावं लागलं. ज्या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथले कारागीर होते म्हणून निभावलं. थरावर थर देत, प्रत्येक थर वाळू देत काम करायचं, त्यामुळे वाद्य कितीतरी दिवस तिथंच होतं. चिखल होता तसा वाळू दिला असता आणि जुन्या मलमलीनं झटकला असता, तर पाच मिनिटांचं काम होतं.

चकाकणाऱ्या कशालाही पांढरा स्पंज लावू नका. टीव्ही, चष्मा, गाडीचा रंग, नॉनस्टिक, पॉलिश केलेला देव्हारा, यातलं काहीही नाही. मी तो फक्त बुटांच्या पांढऱ्या तळव्यांना आणि बाथरूमच्या चकाकी नसलेल्या टाइल्सना वापरते. ऑइलपेंटच्या भिंतीवर पोरांनी रेघोट्या मारल्या तर आधी दाराआडच्या कोपऱ्यात घासून बघते.

लोखंडी कपाटाच्या पायाखाली स्पंजाचे तुकडे घालू नका. फरशी पुसताना तुकडे भिजतात, पाय गंजतो आणि शहाबादीवर तांबडं वर्तुळ कायमचं बसतं. रबराची टोपी घाला.

फ्रिजच्या भाजीच्या ट्रेमध्ये कोरडा स्पंज ठेवला तर कोथिंबिरीखालचं पाणी शोषतो, हे मी स्वतः करते. पण दर दोन दिवसांनी तो काढून उन्हात टाकते. ठेवून विसरणार असाल तर जुनं सुती फडकं बरं. साबणाच्या डबीतल्या स्पंजाचंही तेच.

मुलांचा डबा गार राहावा म्हणून शेजारी ठेवायला स्पंज भिजवून, पिशवीत बंद करून, गोठवणं ही युक्ती चांगली आहे. चूक एवढीच होते की स्पंज गच्च भरून पिशवी तट्ट बंद करतात. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि पिशवी शिवणीला फाटते. थोडं पिळून मग भरा, पिशवीतही जागा ठेवा.

सगळ्यात जास्त राग येतो तो एकाच स्पंजानं सगळीकडे फिरण्याचा. सकाळी ताटं, दुपारी ओटा, संध्याकाळी बेसिन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ताटं. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी घरांतले वापरलेले १४ स्पंज तपासले, तेव्हा काही ठिकाणी एका घन सेंटिमीटरमध्ये ५,००० कोटींहून जास्त जीवाणू निघाले. जे लोक स्पंज नेमानं निर्जंतुक करत असल्याचं सांगत होते, त्यांच्याकडेही संख्या कमी नव्हती. ओल्या कपड्यांना कुबट वास आणणारा मोराक्सेला जातीचा जीवाणूही त्यांना सापडला. म्हणून उकळण्या-बिकळण्यावर माझा भर नाही. दोन-तीन आठवड्यांत मी स्पंज भांड्यांवरून उतरवते. उतरवला की कात्रीनं एक कोपरा कापते, तो ओट्याचा. दुसरा कोपरा कापला की बाथरूमचा. कामाला येणाऱ्या मावशींना, पाहुण्यांना, कोणालाच विचारावं लागत नाही. उलट दिशेला, म्हणजे बाथरूममधून ओट्यावर, स्पंज कधीच येत नाही.

मायक्रोवेव्हमध्ये घालणाराच असाल तर स्पंज चिंब ओला हवा. कोरडा पेट घेतो. तारेची घासणी तर आत घालायचीच नाही.

आणि झिजून गेलेला स्पंज बंबात टाकू नका. आमच्या सांगलीवाडीच्या नात्यातल्या दोन घरांत मी हे स्वतः पाहिलंय, काड्या-गोवऱ्यांबरोबर स्पंजही सरपण म्हणून जातो. आपला नेहमीचा पिवळा स्पंज बहुतेकदा पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा असतो. तो जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असे दोन्ही विषारी वायू निघू शकतात, आणि बंब बहुतेकदा न्हाणीघराच्या दाराशीच असतो, जिथं पोरं अंघोळीला बसलेली असतात. सुक्या कचऱ्याच्या पिशवीत घाला आणि घंटागाडीत द्या.