कर्ली खाडीतील सूर्यास्ताची कयाकफेरी: तिथी, भरती आणि वल्हे

मालवणजवळच्या देवबागेत सूर्यास्ताच्या कयाकफेरीसाठी (कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची लहान, चिंचोळी होडी) येणारे बहुतेक पर्यटक दिवस ठरवताना शनिवार-रविवार पाहतात. थोडे रसिक असतील तर पौर्णिमा गाठतात, आणि नेमके तिथेच फसतात. कांदळवनातील, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलातील, फेरी कशी होणार हे सूर्य ठरवत नाही, पाणी ठरवते. सूर्य रोज मावळतो. पण मावळतीच्या वेळी खाडीच्या फाट्यांमध्ये पाणी भरलेले असणे, ते फार ओढीचे नसणे आणि परतताना त्याने आपल्याला किनाऱ्याकडे आणणे, या तिन्ही गोष्टी पंधरवड्यातून जेमतेम तीन-चार संध्याकाळीच जुळतात. म्हणून फेरीची तयारी हॉटेलच्या आरक्षणापासून नव्हे, तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथीपासून सुरू करावी.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. षष्ठीला साडेचार, सप्तमीला सव्वापाच, दशमीला साडेसात. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो, कारण भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमेला हा आकडा सव्वाअकरा येतो, म्हणजे त्यानंतर सुमारे सहा तासांनी, ऐन सूर्यास्ताच्या तोंडावर, पूर्ण ओहोटी असते. तीही उधाणाची ओहोटी, जी पाणी सर्वांत खाली नेते. त्या संध्याकाळी कांदळवनात पाणी नसते, चिखल असतो. पौर्णिमेचा चंद्र पाहण्याच्या हौसेपायी अशा चिखलात कयाक रुतवून तासभर डास मारत बसण्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे, आणि त्याची शिफारस मी कोणालाही करणार नाही.

याउलट षष्ठी ते अष्टमी हे दिवस या फेरीसाठी जणू मुद्दाम बनवलेले आहेत. या दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक कमी आणि पाण्याची ओढ सौम्य. चार-साडेचारला निघाल्यास चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जाता येते, भरती पुरी झाली की पाणी काही वेळ थबकते, आणि परतताना नुकतीच लागलेली ओहोटी हलकेच मागे आणते. पक्ष शुक्ल असेल तर अर्धा चंद्र सूर्यास्तालाच डोक्यावर आलेला असतो आणि परतीच्या वाटेवर पुरेसा उजेड देतो. कृष्ण पक्षात तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, त्यामुळे अंधार गडद असतो आणि तारे मात्र भरपूर दिसतात. भांगाच्या भरतीला पाणी फार चढत नसल्याने अगदी अरुंद फाट्यांमध्ये शिरता येत नाही, एवढी एक उणीव आहे. नवख्या माणसाने ती आनंदाने स्वीकारावी. दशमी-एकादशीला निघाल्यास सूर्यास्तानंतरही पाणी चढतेच असते, त्यामुळे परतताना प्रवाहाविरुद्ध वल्हवावे लागते. त्यात दमणूक आहे, धोका फारसा नाही. चतुर्थीला मात्र भरती तीनलाच संपते आणि संपूर्ण फेरी ओहोटीत सापडते, म्हणून तो दिवस टाळावा.

पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे. त्यात अर्ध्या-पाऊण तासाची चूक सहज पडते, आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. दिनदर्शिकेतील तिथी सूर्योदयाची असते, आपल्याला हवी असते ती संध्याकाळची, हेही लक्षात ठेवावे. दिवस निवडण्यासाठी हा हिशेब वापरावा, निघण्याची नेमकी वेळ मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून आणि त्याहीपेक्षा स्थानिक मार्गदर्शकाला विचारून पक्की करावी. त्याच खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातला माणूस मार्गदर्शक म्हणून मिळाला, तर त्याच्या शब्दापुढे तक्ता बाजूला ठेवण्यास हरकत नाही.

हंगाम ऑक्टोबर ते मे असा धरावा. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात आणि खाडीला डोंगरातून येणाऱ्या पुराच्या पाण्याचा जोर असतो. सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या आसपास, फेब्रुवारीच्या अखेरीस पावणेसातच्या थोडा आधी आणि मेच्या अखेरीस सातच्या सुमारास होतो. दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे मार्चनंतर चांगलेच जोर धरतात आणि उघड्या खाडीत लाटा उठवतात. संध्याकाळ झाली की ते पडू लागतात. शाळेच्या भूगोलात पाठ केलेले खारे आणि मतलई वारे येथे दंडाला समजतात. पहिल्या फेरीसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा आहे.

आता जागेची रचना समजून घ्यावी, कारण धोका तिच्यातच आहे. देवबाग ही जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदीची खाडी. खाडी या पट्टीला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि टोकाशी, भोगव्याच्या समोर, समुद्राला मिळते. आपण पट्टीच्या पूर्वेकडील किनाऱ्यावरून पाण्यात उतरतो आणि मुखापासून दूर, वरच्या अंगाला, कांदळवनाकडे जातो. याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की सूर्य समुद्रात बुडताना दिसत नाही. तो पट्टीवरच्या माडांच्या रांगेमागे जातो, आणि पाण्यावर माडांच्या सावल्या लांबत येतात. मला हेच दृश्य अधिक आवडते, पण क्षितिजावरचा सूर्य हवा असणाऱ्याने तारकर्लीच्या वाळूत बसून तो पाहावा. दुसरा परिणाम गंभीर आहे: परतीच्या वेळी ओहोटीचा प्रवाह आपल्याला ज्या दिशेने नेतो, त्याच दिशेला पुढे संगम आहे. तेथे बाहेर पडणारे खाडीचे पाणी आणि आत येणाऱ्या लाटा एकमेकींवर आदळतात. उतरण्याची जागा अंधारात चुकली तर प्रवाह थांबण्याची वाट पाहत नाही. म्हणून निघण्यापूर्वी किनाऱ्यावरील एखादी ठळक खूण, शक्यतो दिवा लागणारे घर किंवा धक्का, सर्वांनी मिळून पाहून ठेवावी, आणि ‘जरा संगमापर्यंत जाऊन येऊ’ हा हट्ट मार्गदर्शकाकडे करू नये. असा हट्ट जो लगेच मान्य करतो, त्या मार्गदर्शकाबरोबर जाऊच नये.

मार्गदर्शकाला पैसे देण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. जीवरक्षणाचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोठे घेतले, गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणचे प्रमाणपत्र आहे का, ओढून आणण्याचा दोर सोबत असतो का, उलटलेल्या माणसाला पुन्हा कयाकमध्ये कसे चढवतात, किनाऱ्यावर परतीची वेळ ठाऊक असलेले कोण असते. सहा कयाकच्या गटाला पुढे एक आणि सर्वांत मागे एक असे दोन जाणकार हवेत. एकच असेल तर गट तीन कयाकचा ठेवावा. पोहता येत नसेल तर ते आधी सांगावे. त्यामुळे फेरी नाकारली जात नाही, फक्त आपली जोडी जाणकाराशी लावली जाते.

जीवरक्षक जाकीट अंगाला घट्ट बसले पाहिजे. सर्व पट्टे आवळल्यावर दुसऱ्या कोणी तरी खांद्याशी धरून ते वर ओढावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर माप मोठे आहे, दुसरे मागावे. जाकिटाला शिट्टी हवी. कपडे लवकर वाळणारे, पूर्ण बाह्यांचे घालावेत, कारण सूर्य कलला की चिलटे आणि डास एकदम उठतात. पायांत मागे पट्टा असलेली किंवा बंद सँडल हवी. रबरी चपला चिखल हमखास गिळतो. पाण्याची बाटली, कपाळावर बांधण्याची विजेरी, आणि मोबाइल ठेवण्यासाठी पाणबंद पिशवी कयाकला बांधून घ्यावी. सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांतच नीट दिसेनासे होते, त्यामुळे विजेरी पिशवीच्या तळाशी नव्हे, कपाळावरच असावी.

वल्हवणे पाऊण तासात जमते, पण पहिली दहा मिनिटे उथळ, मोकळ्या पाण्यात सरावासाठी द्यावीत. पाठ ताठ ठेवून, गुडघे किंचित वाकवून, तळवे पायटेकणीला टेकवून बसावे. वल्हे डोक्यावर धरले असता दोन्ही कोपरे काटकोनात येतात, तेवढे अंतर हातांत ठेवावे. पाते पावलांच्या रेषेत पाण्यात बुडवावे आणि कमरेपाशी बाहेर काढावे. त्याहून मागे ओढल्यास कयाक वळते, पुढे जात नाही. जोर दंडाचा नव्हे, कमरेपासून वळणाऱ्या धडाचा लावावा; दंडाने वल्हवणारा अर्ध्या तासात ओळखू येतो. वळायचे असेल तर बाहेरच्या बाजूचे पाते कयाकपासून दूर, मोठ्या कमानीत फिरवावे. जागा अपुरी असेल तर आतल्या बाजूने उलटे वल्हवावे. दोघांच्या कयाकमध्ये पुढचा लय धरतो आणि मागचा दिशा सांभाळतो, म्हणून अनुभवी माणूस मागे हवा. नवरा-बायकोंनी हा निर्णय किनाऱ्यावरच घ्यावा. पाण्यावर घेतलेल्या निर्णयांचा आवाज दूरवर जातो.

कांदळवनात शिरल्यावर वेग निम्म्यावर आणावा आणि दोन कयाकमध्ये दोन कयाक मावतील एवढे अंतर ठेवावे. पाण्यातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळे तिवराची. चिखलात खारफुटीच्या मुळांना हवा मिळत नाही, म्हणून ती श्वासासाठी वर येतात. कमानीसारखी, टेकू दिल्यागत मुळे कांदळाची. त्याच्या फांद्यांना लोंबणाऱ्या हिरव्या लांब शेंगा म्हणजे झाडावरच रुजलेली रोपे असतात. पांढरी चिपी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, आणि तिची फुले रात्री उमलतात, त्यामुळे परतीच्या वेळी ती उघडू लागलेली दिसू शकतात. चिखल जेथे उघडा पडतो तेथे निवट्या, म्हणजे चिखलावर वावरणारे छोटे मासे, उड्या मारताना दिसतात. खंड्या, वंचक आणि ब्राह्मणी घार या तिघांची भेट बहुधा होतेच. ऊद, म्हणजे पाणमांजर, दिसणे हा योग आहे. पक्षी जवळून पाहायचे असतील तर वल्हे मांडीवर आडवे ठेवून चढत्या पाण्याला कयाक वाहू द्यावी, कारण पाखरे कयाकला नव्हे, हलणाऱ्या पात्याला घाबरतात.

येथे हातांना आवर घालणे महत्त्वाचे आहे. मुळांवर कालवे चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा सुरीसारख्या धारदार असतात. तोल सावरण्यासाठी मुळाला धरलेला हात हमखास कापतो. हुरा नावाच्या झाडाचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून कोणतीही फांदी मोडू नये. डोक्यावरच्या फांदीला लोंबकळून थांबण्याचा मोह तर सर्वांत वाईट, कारण माणूस थांबतो आणि कयाक पुढे जाते. प्रवाहाने कयाक आडवी होऊन मुळांवर टेकली तर माणूस सहज मुळांपासून दूर झुकतो आणि उलटतो. झुकायचे ते अडथळ्याकडे; मग पात्याने ढकलून एक टोक मोकळे करावे.

कयाक उलटली तर प्रथम वल्हे आणि कयाक, दोन्ही धरून ठेवावीत. वरून उघडी असलेली कयाक बुडत नाही. ती सरळ करून मधल्या भागात बाजूने पोट टेकवून चढावे, मग पाठ वळवून बसावे. जोडीदाराने पलीकडून कयाक धरली की हे सोपे जाते. चिखलात रुतल्यास खाली उतरू नये. ज्या वाटेने आत शिरलो त्याच वाटेने वल्ह्याने मागे रेटावे, आणि ते लगेच, कारण ओहोटी लागलेली असेल तर दर मिनिटाला पाणी कमी होत असते. पाय चिखलात गेलाच तर ताठ उभे राहण्याऐवजी कयाकवर छाती टेकवून भार पसरावा आणि पाय हळूहळू सोडवावा. मदतीची खूण म्हणजे सलग तीन शिट्ट्या. ती गमतीने वाजवू नये, हे मुलांना आधीच बजावावे.

सूर्यास्ताच्या क्षणी कांदळवनाच्या आत नसावे. आत अंधार दहा मिनिटे आधीच उतरतो. सूर्य माडांना टेकण्यापूर्वी गटाने मोकळ्या खाडीत येऊन, कयाक एकमेकींना खेटून, शेवटचा उजेड पाहावा. मग विजेऱ्या लावून, उजवीकडचा, म्हणजे देवबागेचा, किनारा जवळ धरून परतावे. खाडीच्या मध्यातून यांत्रिक होड्या जातात, आणि त्यांच्या चालकांना अंधारात पाण्यालगत बसलेला माणूस दिसत नाही.

उतरण्याच्या खुणेच्या थोडे आधीच किनाऱ्याला लागावे, कारण उरलेले अंतर प्रवाह स्वतः भरून काढतो. किनाऱ्यावर माणसे मोजावीत, मग कयाक भरतीच्या रेषेच्या वर ओढून घ्याव्यात; पहाटे पुन्हा पाणी चढणार असते. कालवांनी खरचटले असेल तर जखम त्याच रात्री गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवावी, कारण आत राहिलेला कवचाचा बारीक तुकडा आणि खाडीचा चिखल दुसऱ्या दिवशी हात सुजवतो.