लाइनवर नवीन आहेस? घराची आठवण आली की काय करायचं

चाकणच्या कंपन्यांचा माल घेऊन मी श्रीपेरुंबुदूर, होसूर, मानेसर, कधी जमशेदपूर अशा लांबच्या लाइनवर गाडी चालवतो. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत नवी पोरं येताना दिसतात. लायसन्स हेवीचं, हात साफ, घाटात घाबरत नाहीत. आणि दोन-तीन खेपा झाल्या की गाडी सोडून घरी बसतात. विचारलं तर म्हणतात, पगार परवडत नाही. पगाराचं रडगाणं खरंच आहे, पण निम्म्यांना घर सोडवत नाही आणि ते कुणापुढे बोलवत नाही. त्यांच्यासाठी लिहितोय.

एक लक्षात घे. गाडी चालू असते तोवर घर फार छळत नाही. पुढे रस्ता, आरशात मागचा, डिझेल, टोल, चढ-उतार, डोकं त्यातच असतं. आठवण येते ती गाडी उभी राहिली की. कंपनीच्या गेटबाहेर, रिटर्न भाड्याची वाट बघताना, रविवारी. त्यामुळे बंदोबस्त करायचा तो उभ्या गाडीचा.

त्याची सुरुवात नोकरी धरतानाच होते. मालकाला पगार-भत्ता विचारशीलच, पण त्याआधी हे विचार: रिटर्न भाडं कोण बघतं, आणि नाही मिळालं तर गाडी किती दिवस थांबवता? पुणे ते चेन्नई बाराशे किलोमीटरच्या आसपास, एवढं कुणीही सोसतं. पण चेन्नईहून पुण्याचं भाडं नाही म्हणून कोलकात्याचं भरलं, तिथून दिल्लीचं, मग कुठे पुण्याचं, अशी फेरी लागली की आठ दिवसांचे पंचवीस कधी होतात कळत नाही. घरी 'आठ दिवसांत येतो' सांगून निघालेला माणूस दहाव्या दिवशीच ढेपाळतो. पंचवीस आधीच सांगितले असते तर निभावले असते. म्हणून घरी कायम जास्तीचे दिवस सांगून निघ. पहिले काही महिने डबल ड्रायव्हरची गाडी मिळाली तर दोन पैसे कमी घेऊन ती धर. जुना उस्ताद शेजारी असला की रात्र बोलण्यात निघून जाते.

आता गेटबाहेरचं. चेन्नईजवळ ओरगडमला माल घेऊन गेलास असं समज. गेटवर बिल्टी, म्हणजे मालाची पावती, दाखवली, टोकन घेतलं, सिक्युरिटीवाल्याने हातानेच 'तिकडे लाव' म्हणून सांगितलं. त्याला हिंदी येत नाही, आपल्याला तमिळ येत नाही. शनिवारी संध्याकाळी पोहोचलास तर गाडी सोमवारीच खाली होणार. दुपारी केबिन तापते. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण नव्या पोराच्या हातात मालक नवी गाडी देत नाही, तेव्हा ते सोडून दे. मग तू मोबाईल काढतोस, गावच्या ग्रुपवर कुणाच्या तरी हळदीचे व्हिडिओ आलेले असतात, सगळे नाचताहेत, आणि तिथून घसरण सुरू होते.

अशा वेळी कामं क्रमाने लावून घे. टोकन मिळालं की आधी अंघोळ. कपडे धुऊन दोरीवर. मग गाडीभोवती एक फेरा: टायरवर टॉमी (लोखंडी पहार) मारून आवाजावरून हवा बघ, ताडपत्री-दोर बघ, काच आणि आरसे पूस. मग वही काढून खेपेचा हिशोब लिही, डिझेल, वाराई (माल चढवा-उतरवायची हमाली), पंक्चर, जेवण, सगळं. यात दीड-दोन तास सहज जातात. त्यानंतर झोप. गाडीखाली सावली मिळते म्हणून तिथे चादर टाकू नकोस, गाडी पुढे घ्यायला बसलेला माणूस खाली वाकून बघत नाही. काही पंपांवर तेल कंपन्यांनी 'अपना घर' नावाने ड्रायव्हरसाठी झोपायची सोय केली आहे, ॲपवरून जागा धरता येते. वाटेत असेल तिथे वापर, बिछान्यावर पाठ टेकल्यावर फरक पडतो.

आणि पार्किंगमध्ये नंबरप्लेटी बघत हिंड. एमएच १४ दिसली तर आपलीच, पण एमएच ११, १६, २३ असली तरी जाऊन 'कुठलं गाव?' म्हणून विचार. जमशेदपूरच्या पार्किंगमध्ये बीडचा माणूस भेटला तर तो सख्ख्या भावापेक्षा जास्त बोलतो. दुसऱ्याच्या केबिनमध्ये 'बसायला' मात्र जाऊ नकोस, म्हणजे बाटलीला. पहिल्या रात्री झोप लागते, पुढे त्याशिवाय लागेनाशी होते.

फोनचं थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. झोप झाल्याशिवाय घरी फोन लावू नकोस. थकलेला माणूस एकतर भांडतो नाहीतर रडकुंडीला येतो, आणि दोन्ही ऐकून घरचे रात्रभर जागे. दिवसाच्या दोन वेळा ठरव, सकाळी गाडी काढण्याआधी आणि रात्री लावल्यावर. 'कुठे पोहोचलास' या फोनला कंटाळला असशील तर गुगल मॅप्सवर बायकोला लोकेशन देऊन ठेव. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांनी बंद पडतं, मग ती आणखी घाबरते. गाडी चालू असताना फोन घेणार नाही हे घरी स्पष्ट सांग. अगदी अडचण असेल तर लागोपाठ दोनदा वाजवायचा, म्हणजे तू पुढच्या ढाब्यावर गाडी बाजूला घेऊन लावशील.

बोलायचं काय? 'जेवलात का', 'हो', 'तू?', 'हो', यात जीव रमत नाही. घरातलं एखादं काम स्वतःकडे ठेव. विहिरीच्या मोटरवाल्याशी तूच बोल, पोरीच्या शाळेची फी तूच मोबाईलवरून भर, गॅस कधी संपतोय ते तूच विचार. 'मोटर रिवाइंडिंगला किती म्हणाला?' यावर माणूस पंधरा मिनिटं बोलतो आणि घरात असल्यासारखा बोलतो. लहान पोराला झोपायच्या वेळी व्हिडिओ कॉल करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ते स्क्रीनला हात लावून रडतं, आई त्याला थोपटत बसते आणि तू दीड हजार किलोमीटरवर केबिनमध्ये काहीच करू शकत नाहीस. दुपारी कर, ते खेळात असताना. रात्रीसाठी एखादी गोष्ट आवाजात रेकॉर्ड करून पाठव. घरी आजारपण असेल तर लपवायचं नाही हेही आधीच ठरवून टाक. नंतर कळलं की पुढच्या प्रत्येक फोनवर 'काय लपवताय' असं वाटत राहतं.

पोटाचंही बघ. महिनाभर इडली-सांबार नाहीतर तडका-रोटी खाऊन जीभ घर मागायला लागते. सोलापुरी कडक भाकरी घे, कोरडी राहिली तर कितीतरी दिवस टिकते. शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, किलोभर बेसन. सोबत गॅसची पाच किलोची छोटी टाकी असेल तर स्वयंपाक केबिनमध्ये अजिबात नको. खाली उतरून, चाकाच्या आडोशाला, पंपापासून लांब. आणि गाडीत पेट घेणारा माल असेल तर टाकी सोबत घ्यायचीच नाही. फोडणीत लसूण पडला, बेसन खदखदायला लागलं, की तासापूर्वी ओळखही नसलेले दोघे-तिघे ताटल्या घेऊन हजर होतात. एकाकडे कांदा असतो, एकाकडे लोणचं. कडक भाकरी चुरून त्यावर गरम पिठलं ओतायचं आणि जरा मुरू द्यायचं. त्या रात्री कुणी घरी लांबलचक फोन करत नाही.

सणांचा हिशोब रोख ठेव. सगळे मिळणार नाहीत. वर्षाचे दोन निवड, दिवाळी आणि गावची जत्रा म्हण, आणि मालकाला दोन महिने आधी सांग. गौरी-गणपतीला सुट्टी मिळणं अवघड, कारण दसरा-दिवाळीच्या गाड्यांसाठी पार्ट्सची धावपळ त्याच सुमाराला असते.

परतीच्या रस्त्याला मात्र जपून. आठवण रडवते त्याची मला काळजी नाही, ती गाडी पळवायला लावते त्याची आहे. कर्नाटकच्या हद्दीवरचा कोगनोळीचा टोल मागे पडला की वाटतं आलोच. पण पुणं अजून अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतं. रात्रभराचं जागरण, साताऱ्याला चहा, खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूर, आणि शेवटी कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा लांब उतार. तिथे किती गाड्यांचे ब्रेक गेलेत हे पुण्यात कुणाला सांगायला नको. डिझेल वाचवायला तिथे न्यूट्रल करतात, तसलं काही करू नकोस. गाडी खालच्या गिअरमध्येच उतरव. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहिली होती. लाइनवर ते कुणी मोजत नाही, तू मोज. घरी 'आठला जेवायला येतो' असं कधी सांगू नकोस. 'उद्या संध्याकाळपर्यंत' म्हण, म्हणजे ताट वाढून कुणी बसत नाही आणि तुझा पायही ॲक्सिलरेटरवर जड पडत नाही.

घरी पोहोचल्यावर पहिला दिवस झोपेत जाणार हे बायकोला माहीत असू दे. धाकटं पोर जवळ आलं नाही तर ओढून घेऊ नकोस, संध्याकाळपर्यंत येतं आपोआप.

एवढं करूनही महिना-दोन महिने झोप नाही, अन्न जात नाही, चालवताना डोकं जागेवर नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर गाडी बाजूला घे आणि १४४१६ लाव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. आणि लाइन बदल. चाकण ते न्हावा शेवा कंटेनरच्या गाड्या चालतात, एक-दोन दिवसांत माणूस घरी. भत्ता कमी पडतो, बंदराच्या रांगेत वैताग येतो, पण पोरगं तोंड ओळखतं. मालकाशी हे बोलायला खेप पुरी करून, गाडी खाली करून, चावी आणि हिशोबाची वही घेऊन जा. अर्ध्या वाटेत गाडी टाकून पळालास तर ट्रान्सपोर्टनगरीत पुन्हा कुणी स्टिअरिंग हातात देत नाही.